त्याची चकली मला कशाला चालेल?

25 सप्टेंबर 2013. इटलीतल्या एका रेडिओ कार्यक्रमात ग्विदो बारिला बोलायला आले होते. पार्मा शहरात 1877 साली पाव-पास्त्याच्या छोट्या दुकानातून सुरू झालेली आणि आता निळ्या खोक्यातून जगभर विकली जाणारी 'बारिला' कंपनी. ग्विदो तिचे अध्यक्ष, घराण्याच्या चौथ्या पिढीतले. इटलीच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्ष लाउरा बोल्द्रिनी यांनी तेव्हा तक्रार केली होती, की जाहिरातीत आई कायम वाढत असते आणि बाकीचे बसून जेवत असतात. त्यावरून विषय निघाला आणि बारिलांना विचारलं गेलं, तुमच्या जाहिरातीत समलिंगी कुटुंब दाखवाल का? ते म्हणाले, नाही. अनादर म्हणून नाही, पण आमचं कुटुंब पारंपरिक आहे, त्यात बाई मध्यभागी असते. समलिंगींनी लग्न करायला माझी हरकत नाही, मूल दत्तक घ्यायला आहे. ज्यांना आमचा पास्ता आणि आमचं म्हणणं आवडत नसेल, त्यांनी दुसरा पास्ता खावा.

हे वाचलं तेव्हा मी गोरेगावात माझ्या जोडीदाराबरोबर राहत होतो. अजूनही राहतो. शिव्या ऐकायची आम्हाला लहानपणापासून सवय आहे. गिरगावच्या चाळीत, शाळेच्या मैदानावर, लोकलच्या दारात, सगळीकडे ऐकल्यात. शिवी देणाऱ्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाता येतं. बारिलांनी शिवी दिली नव्हती. घरचा कर्ता माणूस पंगतीत पानं मांडताना दारातल्या पाहुण्याला शांतपणे सांगतो, 'तुमचं पान इथे नाही, पलीकडे बघा', तसं ते होतं. आवाज चढलेला नाही, कपाळावर आठी नाही. म्हणून ते जास्त लागलं.

एका इटालियन पास्त्याच्या जाहिरातीचं मुंबईतल्या मराठी माणसाला एवढं काय वाटावं, असं एका मित्राने विचारलं होतं. त्याने आपल्याकडच्या जाहिराती नीट पाहिल्या नसाव्यात. मसाला असो, गोडेतेल असो, कुकर असो, आटा असो, मांडणी तीच. सून भाजी टाकते, सासू वास घेते, नवरा ऑफिसातून येतो, मुलगा ताट पुढे करतो. सगळे सुखी आहेत हे दाखवायचा आपल्याकडे ठरलेला मार्ग म्हणजे सगळ्यांना एका टेबलावर जेवायला बसवणं. बारिलाचं तर घोषवाक्यच होतं, जिथे बारिला तिथे घर. खाण्याच्या जाहिरातीत कुटुंब आधी विकलं जातं, डबा नंतर. तेव्हा अशा जाहिरातीत तुम्ही कधीच दिसणार नाही असं कुणी सांगतं, तेव्हा तुमचं घर हे घरच नाही असं तो सांगत असतो.

आमच्या घराबद्दल सांगतो. दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही दोघं लालबागच्या मसाला गल्लीत जातो. जोडीदार मालवणचा, त्याला तयार मसाला चालत नाही. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मग धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, खसखस. त्याच्या आईने वहीच्या पानावर लिहून दिलेली यादी आहे, तिला तेलाचे डाग पडून अर्धी अक्षरं पुसली आहेत, ती त्याला पाठ आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मसाला भाजणाऱ्या मावशींनी विचारलं, "माणसं किती घरात?" "दोन." "बायका नाही आल्या?" तो म्हणाला, "मावशी, आम्हीच करणार, आम्हीच खाणार." त्यांनी झाऱ्याने धणे परतता परतता आमच्या दोघांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "मग इथेच उभे राहा. करपलं तर वर्षभर तेच खाल." मसाला कुटायच्या डंक्याचा दणदणाट, नाकात मिरचीची खाट, डोळ्यांतून पाणी, आणि आम्ही दोघं रुमाल नाकाला लावून तिथे उभे. मावशींना काय कळलं, काय नाही, ते मी सांगू शकत नाही. त्यांना दोन माणसांचं घर दिसलं आणि त्या घराचा मसाला करपू नये याची त्यांना काळजी होती. पार्म्याच्या अध्यक्षांकडून कुणी यापेक्षा जास्त काही मागितलं नव्हतं.

पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. इटलीत समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक उठली आणि काही तासांत ती देशाबाहेर गेली. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी संधी साधली आणि आमच्याकडे सगळ्यांना जागा आहे अशा अर्थाची चित्रं टाकली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहांनी बारिला घेणं थांबवलं. ग्विदो बारिलांनी आधी लेखी माफी मागितली, मग चित्रफितीतून, आणि त्यात म्हणाले की कुटुंबाच्या बदलत्या रूपाबद्दल मला पुष्कळ शिकायचं आहे. नोव्हेंबर 2013 मध्ये कंपनीने बाहेरच्या लोकांचं एक सल्लागार मंडळ नेमलं. शर्यतीच्या अपघातात दोन्ही पाय गमावलेले खेळाडू आलेस्सांद्रो झानार्दी त्यात होते, अमेरिकेतले समलिंगी हक्कांचे जुने कार्यकर्ते डेव्हिड मिक्सनर होते. वर्षभरात, 2014 च्या अखेरीस, अमेरिकेतल्या ह्यूमन राइट्स कॅम्पेन या संस्थेने कामाच्या ठिकाणच्या समानतेसाठी बारिलाला शंभरपैकी शंभर गुण दिले. 2018 मध्ये त्यांनी मोजक्या संख्येने एक खास खोका काढला. त्यावर दोन स्त्रिया, एकच स्पॅगेटी दोन टोकांनी तोंडात धरलेली.

हे सगळं धंद्यासाठी केलं, असं म्हणणारे माझ्या ओळखीत खूप आहेत, आणि त्यात आमचेच लोकही आहेत. प्राइडच्या, म्हणजे आमच्या अभिमानाच्या, महिन्यात कंपनीच्या बोधचिन्हावर सप्तरंग चढवायचे आणि महिना संपला की उतरवायचे, हा उद्योग पाहून मलाही संताप येतो. पण बारिलाच्या बाबतीत मला मालकाच्या मनात काय होतं याच्याशी फारसं कर्तव्य नाही. ज्या कारखान्यात काम करणारा गे मुलगा सप्टेंबरात अध्यक्षांचं बोलणं ऐकून मान खाली घालून जेवणाच्या सुट्टीत बसला असेल, त्याच्यासाठी पुढच्या वर्षी लिखित नियम बदलले. मन पालटलं की नाही हे त्याला तपासायची गरज नाही. नियम कागदावर आहे, तो दाखवता येतो.

प्रत्येक वेळी असं घडत नाही. आदल्याच वर्षी, 2012 मध्ये, अमेरिकेतल्या चिक-फिल-ए या कोंबडीच्या सँडविचवाल्या साखळीचे प्रमुख डॅन कॅथी समलिंगी विवाहाच्या विरोधात बोलले होते. बहिष्काराची हाक दिली गेली, आणि त्याला उत्तर म्हणून माइक हकाबी या राजकारण्याने 1 ऑगस्ट हा त्या कंपनीच्या कौतुकाचा दिवस जाहीर केला. दुकानांबाहेर रांगा लागल्या. कंपनीने त्या दिवशी विक्रमी विक्री झाल्याचं सांगितलं. म्हणजे पाकीट न घेणाऱ्यांपेक्षा मुद्दाम घेणारे जास्त निघाले. हे आकड्यांचं गणित आहे आणि त्यात आम्ही नेहमीच कमी पडणार. कुठल्याही देशात, कुठल्याही गल्लीत.

मुंबईला बहिष्कार नवा नाही. 31 जुलै 1921 ला परळमध्ये गांधीजींनी विदेशी कपड्यांची होळी पेटवली. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीला बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातून आलेला गिरणी कामगार विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. विकत न घेण्याच्या हट्टासाठी या शहरात माणसाने जीव दिलाय. आणि याच महाराष्ट्रात दुसराही बहिष्कार आहे. गावाने पाणी तोडायचं, किराणा द्यायचा नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांची उदाहरणं इतकी साचली की 2016 मध्ये विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला आणि तो 2017 पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, लाखभर रुपयांपर्यंत दंड. दोन्हींचं हत्यार एकच, संबंध तोडणं. पण बाबू गेनूच्या समोर साम्राज्य होतं आणि पंचायतीच्या समोर एक घर. मला कुणी विचारलं की बहिष्कार योग्य का अयोग्य, तर मी आधी बघतो की तो कोण कुणावर घालतोय. करोडोंच्या कंपनीचा पास्ता चार घरांनी नाकारला, तर त्या कंपनीच्या चुलीवर पाणी पडत नाही. मुलगा गे आहे म्हणून त्याला दिवाळीला घरी बोलावलं नाही, तर त्याचं सगळं जातं.

आता आपल्याकडचं गणित बघा. ऑक्टोबर 2021 मध्ये डाबरच्या फेम या ब्लीचची जाहिरात आली. करवा चौथला दोन तरुणी एकमेकींसाठी उपास धरतात, घरातली मोठी बाई त्यांना साड्या देते, रात्री चाळणीतून दोघी एकमेकींना पाहतात. पाच दिवसही टिकली नाही. मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कारवाईचा इशारा दिला, बहिष्काराच्या हाका सुरू झाल्याच होत्या. कंपनीने जाहिरात मागे घेतली आणि भावना दुखावल्याबद्दल माफी मागितली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड एका कार्यक्रमात म्हणाले की लोकांच्या असहिष्णुतेमुळे ती जाहिरात काढावी लागली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून आम्हाला 6 सप्टेंबर 2018 ला मोकळं करणाऱ्या खंडपीठात ते होते. कोर्टाने दिलेलं कोर्टाच्या बाहेर टिकवायला माणसं लागतात, ती त्या आठवड्यात कमी पडली. मे 2023 मध्ये स्टारबक्सच्या जाहिरातीत एक बाप आपल्या ट्रान्स मुलीला तिच्या नव्या नावाने कॉफी मागवून देतो, तर पुन्हा तेच, बहिष्कार घाला.

म्हणजे इटलीत अध्यक्षाने आम्हाला जाहिरातीत घेणार नाही म्हटल्यावर बहिष्कार झाला आणि आपल्याकडे कंपनीने आम्हाला जाहिरातीत घेतल्यावर. ज्या जाहिरातीबद्दल मी आनंदाने चार लोकांना फोन केले होते, ती दिवाळीच्या आधी नाहीशी झाली होती. मला अजून वाटतं की त्या आठवड्यात कंपनीकडे शिव्यांची हजार पत्रं गेली असतील तर शाबासकीची पन्नास तरी जायला हवी होती. आम्ही गे-लेस्बियन लोकांनी पाठवली. पण कंपनीला आमचं कौतुक अपेक्षितच असतं. तिला धक्का बसतो तो नाशिकच्या काकूंच्या पत्राने.

याबद्दल मी जे शिकलो ते माझ्या वहिनीकडून.

ती मुलुंडला राहते, बँकेतून निवृत्त झाली आहे. मोर्चाबिर्चा तिचा प्रांत नाही. आमच्याबद्दल तिला सगळं माहीत आहे, पण त्यावर ती कधी भाषण करत नाही. सणाला दोघांना बोलावते, निघताना डबे दोन देते, एवढंच. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा अधिकार नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत, आणि एकत्र मूल दत्तक घेण्याचा प्रश्न तीन विरुद्ध दोन असा आमच्या विरोधात गेला. नवरात्र चालू होतं. तिच्या भागातल्या मंडळाच्या मंचावर एका फराळवाल्यांचा सत्कार होता. त्यांचं दुकान तिथे नावाजलेलं, दिवाळीला त्यांच्याकडे महिनाभर आधी नंबर लावावा लागतो. सत्काराला उत्तर देताना त्यांनी कोर्टाचे आभार मानले आणि म्हणाले, असल्या विकृत लोकांना घरात घेतलं तर आपल्या सणांना काय अर्थ राहील?

वहिनी खाली खुर्चीवर बसली होती. तिने घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेली आणि चकली, अनारसे, चिरोट्यांची दिलेली ऑर्डर रद्द केली. मालक स्वतः गल्ल्यावर होते. त्यांनी विचारलं, का हो, बाहेरगावी जाताय का? ती म्हणाली, "नाही. माझा दीर त्या विकृतांतला आहे. तो आणि त्याचा जोडीदार भाऊबीजेला माझ्या घरी जेवायला येतात. तुमचा फराळ त्यांच्या पुढे ठेवायला मला लाज वाटेल." मालक म्हणाले, ताई, मत वेगळं, धंदा वेगळा. ती म्हणाली, "मंचावर तुम्हाला फराळवाले म्हणूनच बोलावलं होतं."

मला हे महिन्याभराने कळलं, तेही माझ्या पुतणीकडून. मी फोन केला आणि म्हटलं, वहिनी, कशाला उगाच भांडण, गुपचूप दुकान बदलायचं होतं. ती म्हणाली, "गुपचूप बदललं असतं तर त्याला वाटलं असतं चकली मऊ पडली. भाजणी बदलली असती त्याने. त्याला तू चालत नाहीस, तर त्याची चकली मला कशाला चालेल? हे त्याला कळायला नको?"

एवढ्या वर्षांत बहिष्कारावर जेवढं वाचलं, त्यात इतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही. न बोलता पाठ फिरवली तर दुकानदाराला फक्त एक गिऱ्हाईक कमी झालेलं कळतं. कारण सांगितलं तरच तो बहिष्कार. बारिलांना कारण पहिल्या तासापासून माहीत होतं, कारण प्रत्येक जण तेच एक वाक्य त्यांना परत ऐकवत होता. दुसरा पास्ता खा म्हणालात ना, खातो. आणि ऐकवणारे बहुतेक गे नव्हते. हार्वर्डच्या भोजनगृहात जेवणारी सगळी मुलं काही समलिंगी नव्हती. त्या फराळवाल्यांनी मला स्वतःला गिऱ्हाईक म्हणून गमावलं असतं तर त्यांना काहीच वाटलं नसतं, माझ्यासारख्यांना त्यांनी आधीच हिशोबातून वगळलं होतं. त्यांना लागली ती त्यांच्याच बाजूची समजलेली, नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसलेली माझी वहिनी.

शेवट गोड झाला असं सांगता येत नाही. इमारतीतल्या दोघी-तिघींनी तिचं ऐकून ऑर्डर मागे घेतल्या. बाकीच्यांनी घेतल्या नाहीत, कारण त्या दुकानाचे अनारसे खरंच जाळीदार होतात आणि सणाच्या तोंडावर दुसरीकडे कोण मिळणार. त्यांच्यावर वहिनी चिडली नाही. दुकानात कामाला असलेल्या बायकांचा प्रश्न तिच्या मनात होताच. त्यातली एक पूर्वी हिच्याकडे स्वयंपाकाला यायची. तिला वहिनीने घरी बोलावून चकल्या करून घेतल्या आणि तेवढेच पैसे तिच्या हातात दिले. मालकांनी अजून माफी मागितलेली नाही. पण पुढच्या वर्षी मंचावर ते फक्त फराळाबद्दल बोलले, असं पुतणी सांगत होती.

बहिष्काराने माणसाचं मत बदलतं का, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझं उत्तर असं, की मला त्यांचं मत नकोच आहे. मला हवंय ते मोजता येणारं काहीतरी. आरोग्यविम्यात जोडीदाराचं नाव. हॉस्पिटलात सही करायचा हक्क. त्या 2023 च्या निकालानंतर केंद्र सरकारने समिती नेमली आणि 2024 मध्ये काही सूचना निघाल्या. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला त्यावर नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही हे स्पष्ट केलं गेलं. आणि अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवलं की शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं.

ही शिधापत्रिकेची सूचना वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळींत आली होती. मी ती कापून ठेवली आहे. एकाच चुलीवर शिजवून खाणारे ते एक कुटुंब, हे रेशन कार्यालय नेहमीच मानत आलंय, आता त्या चुलीजवळ आम्हीही आहोत असं सरकारच्या अन्नखात्याने लिहून दिलं. आम्हा दोघांचं रेशनच्या गव्हावाचून अडत नाही. पण मालाडच्या मालवणीत भाड्याच्या खोलीत एकत्र राहणाऱ्या, घरच्यांनी हाकललेल्या दोन मुलींचं अडतं. त्यांनी अर्ज केला आणि खिडकीपलीकडच्या माणसाला ही सूचना माहीतच नसली, तर त्या आल्या पावली परत जाणार. त्या रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कुणीतरी पुढे होऊन सांगायला हवं, साहेब, ह्या दोघी एका घरच्या आहेत, आमच्याच चाळीत राहतात, लिहा.

वहिनीला मी ते कात्रण दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवायला सांगितल्या. मुलुंडच्या रेशन कार्यालयात तिची ओळख आहे.